आधी सैल, मग घट्ट : हवाबंद झाकणाचा इतिहास

३० नोव्हेंबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधील एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराला २२,१८६ क्रमांकाचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्याचे नाव जॉन लँडिस मेसन, वय सव्वीस. पेटंटचा विषय वरकरणी क्षुल्लक होता : काचेच्या बरणीच्या गळ्यावर आटे कसे असावेत, कोठे सुरू व्हावेत आणि कोठे संपावेत. आज मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्ये ज्या बरण्यांतून थंड कॉफी दिली जाते, त्या 'मेसन जार'चे नाव याच माणसावरून पडले. हाच मेसन १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये वारला, तेव्हा तो जवळजवळ कफल्लक होता.

या कथेकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न सोडवला पाहिजे. काच फुंकण्याची कला रोमन काळापासून चालत आलेली होती. मग अन्न वर्षभर टिकवणारी, घरच्या घरी बंद करता येणारी काचेची बरणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत का झाली नाही? याचे उत्तर बरणीच्या तोंडाशी सापडते. बरणी करणे सोपे होते, झाकण करणे अवघड.

आणि ते अवघड असण्याचे कारण केवळ कारागिरीचे नव्हते. अन्न टिकवण्यासाठी बरणी तापवावी लागते. तापवताना आतली हवा फुगते, वाफ होते आणि दोन्ही बाहेर पडू पाहतात. त्या वेळी झाकण पक्के घट्ट असेल, तर ते उडेल किंवा काच फुटेल. सैल असेल, तर बरणी थंड होताना बाहेरची हवा आत शिरेल आणि तिच्याबरोबर सर्व श्रम वाया घालवणारे सूक्ष्मजीवही. म्हणजे झाकण एका क्षणी सैल आणि दुसऱ्या क्षणी घट्ट असले पाहिजे. आतून बाहेर जाऊ द्यायचे, बाहेरून आत येऊ द्यायचे नाही. हवाबंद झाकणाचा सारा इतिहास हा या एका विसंगतीशी झालेला झगडा आहे, आणि झगडणाऱ्यांपैकी अनेकांना आपण नेमके कशाशी झगडत आहोत हे ठाऊक नव्हते.

*

पहिला मोठा प्रयत्न फ्रान्समधला. निकोला अपेर याचा जन्म १७४९ चा. तो मूळचा आचारी, पुढे पॅरिसमध्ये मिठाईचा व्यापारी. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली त्याने तुरुंगवासही भोगला. त्यानंतरच्या वर्षांत त्याने अन्न काचेच्या बाटल्यांत भरून, बूच मारून, त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवण्याचे प्रयोग सुरू केले. १८०३ च्या सुमारास फ्रेंच नौदलाने ब्रेस्ट बंदरात त्याच्या बाटल्यांची परीक्षा घेतली. सूप, वाटाणे आणि शेंगा तीन महिन्यांनंतरही खाण्याजोग्या निघाल्या.

येथे एक लोकप्रिय दंतकथा बाजूला सारावी लागते. 'नेपोलियनने सैन्यासाठी अन्न टिकवण्याची स्पर्धा जाहीर केली आणि अपेरने ते १२,००० फ्रँकचे बक्षीस जिंकले' ही गोष्ट असंख्य ठिकाणी छापली गेली आहे. प्रत्यक्षात अपेरला ती रक्कम १८१० साली फ्रान्सच्या गृहमंत्र्यांकडून मिळाली, पण ती स्पर्धेतील विजयाची नव्हती; आपली पद्धत गुप्त न ठेवता पुस्तकरूपाने प्रसिद्ध करावी, या अटीवर दिलेली ती रक्कम होती. अपेरने पेटंटऐवजी ही रक्कम स्वीकारली आणि त्याच वर्षी त्याचे पुस्तक बाहेर आले. एका अर्थाने दंतकथेपेक्षा सत्य अधिक मोलाचे आहे, कारण स्पर्धेतून एक विजेता मिळाला असता. या व्यवहारातून पद्धतच सर्वांची झाली.

त्या पुस्तकात पाककृतींइतकीच, किंबहुना अधिक तळमळीने, बुचाची चर्चा आहे. अपेरची अडचण अशी होती : मांस किंवा मोठी फळे भरायची, तर बाटलीचे तोंड रुंद हवे. रुंद तोंडाला रुंद बूच हवे. परंतु बुचाच्या झाडाची साल फार जाड नसते, त्यामुळे रुंद बूच कापायचे झाल्यास ते सालीतून आडवे कापावे लागते आणि सालीतील बारीक छिद्रे मग बुचाच्या तळापासून माथ्यापर्यंत उभी राहतात. अशा बुचातून हवा सहज झिरपते. अपेरने सालीचे तीन-चार तुकडे माशापासून केलेल्या सरसाने एकमेकांना असे चिकटवले की सर्व छिद्रे आडवी झाली. हे बूच ठोकून बसवायचे, वरून चुनकळी आणि मऊ चीज यांचे लुकण थापायचे आणि मग तारेने घट्ट आवळायचे. इतके करूनही बाटल्या फुटत. म्हणून उकळताना प्रत्येक बाटली कापडी पिशवीत घातली जाई. एक फुटली, तर तिच्या काचा इतरांना लागू नयेत आणि गोळा करणे सोपे जावे.

अपेरचे झाकण आधीपासूनच घट्ट होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आतला दाब बाहेर पडण्याला वाटच नव्हती. तार, सरस, चुना ही सारी त्या दाबाविरुद्धची तटबंदी होती. वरून, आपली पद्धत का यशस्वी होते हेही त्याला नीट सांगता येत नव्हते. रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक याने त्याच्या बाटल्यांतील हवा तपासली, तीत ऑक्सिजन आढळला नाही, आणि त्याने निष्कर्ष काढला की ऑक्सिजन नसल्यामुळेच अन्न टिकते. जवळजवळ अर्धशतक हाच समज चालला. खरे काम उष्णता करत होती आणि झाकण फक्त ते राखत होते, हे पाश्चरच्या १८६० च्या आसपासच्या प्रयोगांनंतर उलगडले. पण चुकीच्या समजाचे सावट पुढेही बराच काळ स्वयंपाकघरांवर राहिले : हवा बाहेर ठेवली की झाले. या समजाची किंमत किती, ते पुढे येईलच.

अपेर १८४१ साली वारला. त्याला सार्वजनिक दफनभूमीत इतरांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले गेले.

*

त्याच १८१० साली इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड याने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. डब्याने झाकणाचा प्रश्न झाकणच रद्द करून सोडवला; वरचा पत्रा डाख देऊन कायमचा बंद. कारखान्यांसाठी हे उत्तम होते. घरातल्या स्त्रीला ते निरुपयोगी, कारण तिच्यापाशी डाख देण्याची साधने नव्हती आणि एकदा फोडलेला डबा पुन्हा वापरता येत नव्हता. गंमत म्हणजे डबा उघडण्याच्या अवजाराचे अमेरिकेतील पहिले पेटंट मिळाले तेही १८५८ सालीच, मेसनच्या पेटंटच्या काही महिने आधी. तोवर छिन्नी आणि हातोडा.

घरासाठी उरली ती बरणी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील शेतकरी कुटुंबे बरणीच्या तोंडावर जनावराचे मूत्राशय ताणून बांधत, किंवा बूच बसवून वर मेण ओतत. १८५० च्या दशकात खाचेच्या बरण्या आल्या. तोंडाभोवती पन्हळीसारखी खाच, तीत पत्र्याची चकती बसवायची आणि खाचेत राळमिश्रित वितळलेले मेण ओतायचे. हे सील बरे असे, परंतु मेण थंडीत तडकत असे, उन्हाळ्यात मऊ पडत असे, आणि बरणी उघडताना त्याचे कपचे हमखास मुरांब्यात पडत. वितळलेले मेण चुलीवर सांभाळणे हेही भाजण्याचे निमित्त होते.

आट्यांचे झाकण का नव्हते? होते. आटे असलेल्या काचेच्या बरण्या मेसनपूर्वीही केल्या जात. त्या गळत असत. याचे कारण काच फुंकण्याच्या पद्धतीत आहे. कारागीर साच्यात काच फुंके, तेव्हा फुगा साच्याच्या वर थोडा उरे. तो मोडून काढला की बरणीचा काठ खडबडीत, वरखाली राही. तो घासून सपाट करावा लागे आणि तरीही प्रत्येक बरणीचा काठ निराळा. झाकण जर या काठावर टेकणार असेल, तर कोठे ना कोठे फट राहणारच.

मेसनची कल्पना अशी की काठाचा नादच सोडावा. बरणीचा खांदा, म्हणजे गळा जेथे अंगाला मिळतो तो भाग, साच्यातच घडतो. म्हणून तो प्रत्येक बरणीत सारखा असतो. झाकणाची खालची कड या खांद्यावर टेकली पाहिजे. परंतु आटे खांद्यापर्यंत गेले, तर झाकण पूर्ण खाली उतरण्याआधीच अडकते. म्हणून मेसनने असे साचे योजले की आटे खांद्याच्या थोडे वर येऊन हळूहळू पुसट होत नाहीसे व्हावेत, आणि वरच्या बाजूलाही काठाआधीच संपावेत. झाकण फिरत फिरत निर्वेध खाली उतरे आणि खांद्यावर चौफेर सारखे बसे. मध्ये एक रबराचे कडे. हे कडे शक्य झाले ते चार्ल्स गुडइयर याने गंधकासह तापवून रबर टिकाऊ केल्यामुळे. त्याचे पेटंट १८४४ चे. (गुडइयर १८६० साली कर्जबाजारी अवस्थेत वारला. झाकणाच्या इतिहासात श्रीमंत होऊन मेलेले संशोधक शोधावेच लागतात.)

खराब काठ सुधारण्याच्या मागे न लागता, आधीच चांगल्या असलेल्या जागी सील हलवणे ही मेसनची खरी बुद्धिमत्ता. या एका निर्णयाची तारीफ त्याच्या नावाने विकल्या गेलेल्या सर्व बरण्यांपेक्षा अधिक व्हायला हवी.

मेसनच्या झाकणालाही दोष होते. ते जस्ताचे होते. टोमॅटो किंवा आंबट फळांचा रस जस्ताला लागला की धातूची चव अन्नात उतरे. १८६९ साली लुईस बॉइड याने झाकणाच्या आतून पांढऱ्या काचेची चकती बसवण्याचे पेटंट घेतले आणि ही तक्रार बरीचशी मिटली. दुसरा दोष अधिक खोल होता. हे झाकण केव्हा आवळायचे? उकळते अन्न भरून लगेच आवळले, तर आत सापडलेले जंतू तसेच राहण्याची भीती. बरणी झाकणासह उकळायची, तर झाकण आधी अर्धवट सैल ठेवायचे आणि नंतर हात भाजत आवळायचे. सैल आणि घट्ट यांतली निवड अजून माणसाच्या हातावर होती, आणि हात चुकतात.

*

मेसनचे पुढे काय झाले, हे सांगताना बहुतेक ठिकाणी 'त्याने हक्क विकले आणि पेटंट संपले' एवढ्यावर आटोपले जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील १८७६ चा एक निकाल मात्र अधिक बोलका आहे. खटला कन्सॉलिडेटेड फ्रूट जार कंपनी विरुद्ध राइट असा. मेसनचे हक्क या कंपनीकडे गेले होते. वाद होता तो १८५८ च्या मूळ पेटंटचा नव्हे, तर बरणीतील नंतरच्या एका सुधारणेबद्दलच्या, १८७० साली मिळालेल्या पेटंटचा.

पुराव्यात असे आले की ही सुधारणा मेसनने १८५९ च्या जून महिन्यातच पूर्ण केली होती. त्या वेळी त्याने निदान दोन डझन बरण्या करवून घेतल्या. काही त्याने दिल्या, काही विकल्या. लोक अशी बरणी घेतात का, हे पाहणे हाही हेतू होता. पेटंटचा अर्ज मात्र त्याने केला १८६८ साली. न्यायालयाने म्हटले की अर्जाच्या दोन वर्षांहून आधी वस्तू विक्रीस गेली, सार्वजनिक वापरात आली, आणि मध्यंतरी संशोधकाने हक्काची काळजी घेतली नाही. सबब पेटंट अवैध. दोन डझन बरण्यांची ती किरकोळ विक्री कोट्यवधी बरण्यांवरील हक्क बुडवण्यास पुरेशी ठरली.

निकाल अन्यायकारक होता असे म्हणता येत नाही. नऊ वर्षे गप्प बसून मग सर्व उत्पादकांकडून पैसे मागणे कायद्याला मान्य होण्यासारखे नव्हते. पण कारागीर आणि व्यापारी हे दोन निराळे स्वभाव आहेत, आणि मेसनजवळ पहिलाच होता, हे या कागदपत्रांतून स्पष्ट दिसते.

मूळ पेटंटची मुदत संपल्यावर बरणी सर्वांसाठी मोकळी झाली. तिचा सर्वाधिक लाभ घेतला तो बॉल बंधूंनी. बफेलो शहरात रॉकेलच्या डब्यांपासून सुरुवात केलेल्या या पाच भावांनी १८८० च्या दशकात काचेच्या बरण्या करण्यास घेतले, आणि इंडियाना राज्यात नैसर्गिक वायू सापडल्यावर कारखाना मन्सी या गावी हलवला. भट्टीला इंधन जवळजवळ फुकट. बरण्यांवर काचेतच उमटवलेली '३० नोव्हेंबर १८५८' ही पेटंटची तारीख पेटंट संपल्यानंतरही अनेक उत्पादक कित्येक वर्षे वापरत राहिले. त्यामुळे जुन्या बाजारात अशी बरणी मिळाली की ती १८५८ ची आहे, असा भाबडा समज होतो. बहुधा नसते.

*

आतापर्यंतची झाकणे बळाने बंद होत होती : तारेने, मेणाने, आट्यांनी. १८८२ साली हेन्री पुटनम याने काचेचे झाकण तारेच्या खिट्टीने दाबून बसवण्याची 'लायटनिंग' बरणी आणली. ती आजही दिसते आणि दिसायला सुरेख असते, परंतु तत्त्व तेच, बाहेरून दाबण्याचे.

वेगळा विचार जर्मनीतून आला. गेल्सेनकिर्खन येथील रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ रेम्पेल याने प्रयोगशाळेतील भुकटीच्या बरण्या घेतल्या, त्यांचे काठ घासून गुळगुळीत केले, त्यावर रबराचे कडे आणि पत्र्याचे झाकण ठेवले. त्याच्या पत्नीच्या आठवणींनुसार, उकळताना झाकण हलू नये म्हणून वर एक दगड. बस्स. आवळणे नाही, आटे नाहीत. उकळताना वाफ आणि हवा त्या दगडासह झाकण किंचित उचलून बाहेर निसटे. आच काढल्यावर उरलेली वाफ निवून पाणी होई, आतला दाब घसरे, आणि बाहेरचे वातावरण झाकणाला रबरावर दाबून धरी. दगड काढला तरी झाकण हलत नसे.

सात सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचा हिशेब केला, तर आत पूर्ण निर्वात असल्यास बाहेरच्या हवेचा भार सुमारे ४० किलो भरतो. प्रत्यक्ष बरणीत निर्वात अर्धवटच असते, तरी मनगटाच्या जोरापेक्षा हा भार मोठा आणि मुख्य म्हणजे चौफेर अगदी समान. विसंगती सुटली होती. आत दाब असताना झाकण सैल, दाब उतरताच घट्ट. आणि हा बदल कोणी करायचा नव्हता, तो आपोआप होत होता. अपेरने ज्या हवेशी सरस आणि चुना घेऊन युद्ध केले, तीच हवा रेम्पेलने कामाला लावली.

रेम्पेलला १८९२ साली पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. पेटंट योहान वेक याने विकत घेतले. वेक हा शाकाहाराचा आणि मद्यबंदीचा कट्टर पुरस्कर्ता. फळे टिकवता आली, तर त्यांची दारू गाळावी लागणार नाही, हे त्याचे आकर्षण. १९०० साली गेऑर्ग फान आइक याच्यासह त्याने कंपनी काढली आणि दोनच वर्षांत तो तिच्यातून बाहेरही पडला. जर्मन भाषेत मात्र तो कायमचा राहिला : घरी अन्न बरणीबंद करण्याला तेथे 'आइनवेकन' म्हणतात. वेकच्या बरणीच्या रबरी कड्याला एक छोटी जीभ असते. ती ओढली की हवा फुसकन आत शिरते आणि इतका वेळ हट्टाला पेटलेले झाकण बोटाने उचलता येते.

अमेरिकेत हेच तत्त्व आट्यांच्या बरणीशी जोडले गेले. अलेक्झांडर केर याने १९०३ साली कंपनी काढली. तिने ज्युलियस लँड्सबर्गर याच्या पेटंटवर आधारित, रबराचा थर कायमचा चिकटवलेली पत्र्याची चकती वापरली. १९१५ साली केरने झाकणाचे दोन भाग केले : एक सपाट चकती आणि तिला जागेवर धरणारे आट्यांचे निराळे कडे. कडे फक्त बोटांच्या टोकांनी बसेल एवढेच आवळायचे. उकळताना चकती किंचित उचलून हवा बाहेर सोडते, थंड होताना खाली ओढली जाते. त्यानंतर कडे काढून ठेवले तरी चालते, किंबहुना काढावेच. आज अमेरिकेतील घराघरांत हेच झाकण वापरतात. त्याच्या मूळ रचनेत फारसा बदल करावा लागलेला नाही.

या चकतीने आणखी एक काम केले, जे आधीचे कोणतेही झाकण करत नव्हते. सील बसताना चकतीचा मध्य टक् असा आवाज करून आत दबतो. बरणी नीट बंद झाली की नाही, ते झाकणच सांगते. पुढे सील सुटले किंवा आत वायू झाला, तर मध्य पुन्हा वर येतो. जस्ताच्या झाकणाखाली काय चालले आहे, हे उघडेपर्यंत कळत नसे.

*

तरीही एक गोष्ट अशी होती जी हे झाकण सांगू शकत नव्हते.

१८९५ साली बेल्जियममधील एलझेल या गावी एका अंत्ययात्रेनंतर वादकांनी खारवलेले मांस खाल्ले. अनेकांना विषबाधा झाली, तिघे मृत्यू पावले. एमिल फान एर्मेंगेम याने त्या मांसातून एक जिवाणू वेगळा केला, आज ज्याला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात. हा जिवाणू ऑक्सिजनच्या अभावी वाढतो. त्याचे बीजाणू तासन्‌तास उकळले तरी मरत नाहीत. त्याच्या विषाला रंग नसतो, आणि वास किंवा चव नेहमीच जाणवते असे नाही.

आता हवाबंद बरणीकडे पुन्हा पाहावे. ऑक्सिजन नाही. उकळल्यामुळे इतर सर्व जंतू मेलेले, म्हणजे स्पर्धा नाही. झाकण उत्तम, बाहेरून काही शिरणार नाही. या जिवाणूसाठी याहून सुरक्षित घर कोणते? झाकण जितके निर्दोष, तितके ते घर पक्के.

१९१९-२० मध्ये अमेरिकेत बरणीबंद ऑलिव्हमुळे ओहायो, मिशिगन आणि इतरत्र माणसे दगावली. बरण्या कारखान्यातल्या होत्या. १९२४ च्या फेब्रुवारीत ओरेगॉनमधील ऑल्बनी या गावी एका कुटुंबाच्या जेवणात घरी बरणीबंद केलेल्या शेंगा होत्या. बारा जण मृत्यू पावले. गे-ल्युसाकच्या काळापासून चालत आलेला 'हवा बाहेर ठेवली की झाले' हा समज येथे अक्षरशः जिवावर बेतला.

१९२२ साली एस्टी आणि मायर या शास्त्रज्ञांनी हे बीजाणू मारण्यास किती तापमान किती वेळ लागते, याचे कोष्टक मांडले. १२१ अंश सेल्सियसला काही मिनिटे पुरतात. उकळते पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर थांबते, उंचावर त्याहूनही खाली. महाबळेश्वरी ते सुमारे ९५-९६ अंशांवरच उकळते. १२१ अंश गाठायचे, तर वाफेचा दाब हवा. म्हणून शेंगा, मका, मांस यांसारखे कमी आम्लाचे पदार्थ दाबाच्या भांड्यातच बरणीबंद करावेत, हा नियम रूढ झाला. आंबट फळांना तो लागू नाही, कारण पुरेशा आम्लात हा जिवाणू वाढत नाही.

येथेच मराठी घरातील लोणच्याच्या बरणीचे कोडे उलगडते. तिचे झाकण कधीच हवाबंद नव्हते. चिनी मातीची बरणी, वर सैलसर झाकण आणि त्यावर बांधलेला दादरा. हवा आत-बाहेर करण्यास मोकळी. तरी लोणचे वर्षभर टिकते, कारण तेथे राखणीचे काम झाकणाकडे नाहीच. कैरीचे आम्ल, मीठ, मोहरी आणि वर तरंगणारे बोटभर तेल ते काम करतात. दादरा फक्त धूळ आणि मुंग्या अडवतो. मेसन ज्या प्रश्नाशी झुंजत होता, तो या बरणीला पडलाच नाही. मात्र तिला वाटाण्याचे सूप सहा महिने टिकवता आले नसते. दोन्ही बरण्या आपापल्या जागी योग्य आहेत. आज घातक ठरते ती सरमिसळ : तेलात बुडवलेली, पण मीठ-आम्ल नसलेली कच्ची लसूण हवाबंद बाटलीत भरून दिवसेंदिवस ओट्यावर ठेवणे हे लोणचे नव्हे.

*

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रबर आणि जस्त दोन्ही टंचाईचे झाले आणि झाकणांची पर्यायी रूपे निघाली. तरी १९४३ या एका वर्षात घरांत चार अब्जांहून अधिक बरण्या भरल्या गेल्या. युद्धानंतर शीतकपाटे आली आणि बरण्या तळघरांत गेल्या.

१९७० च्या दशकात महागाई वाढली, लोक पुन्हा परसात भाज्या लावू लागले आणि तळघरांतल्या बरण्या वर आल्या. तेव्हा एक विचित्र टंचाई उद्भवली. काचेची बरणी पन्नास वर्षे टिकते, आट्यांचे कडेही पुन्हा पुन्हा चालते. पण केरच्या त्या चकतीवरील रबराचा थर एकदाच सील धरतो. चकती दरवर्षी नवी लागते. १९७५ च्या उन्हाळ्यात दुकानांत चकत्या मिळेनाशा झाल्या. टोमॅटो वेलींवर पिकत होते, बरण्या धुऊन उपड्या ठेवलेल्या होत्या, आणि झाकणे कोठे गेली हे विचारण्यासाठी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी घ्यावी लागली. २०२० मध्ये, महासाथीच्या पहिल्या उन्हाळ्यात, हेच पुन्हा घडले.